एका सुईत अख्खा कणा नवा? हिशेब तरी करा

गोव्यात डिचोलीपासून काणकोणपर्यंत एक मेसेज फिरतोय: ‘स्टेम सेल आणि पीआरपीने मणक्याचे झिजलेले सांधे पुन्हा नवे! एकाच बैठकीत मानेपासून माकडहाडापर्यंत. एमआरआय पुरे, बाकी तपासण्या नकोत. रक्त तुमचेच, धोका शून्य.’ (स्टेम सेल म्हणजे इतर पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी; पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातून वेगळा काढलेला, प्लेटलेटने भरलेला द्रव.) काल तो काकूने पाठवला, खाली ‘जाऊ का?’ असे विचारून. काकू, आधी हे वाच.

‘एकाच बैठकीत’पासून सुरुवात करू, कारण थापेलाही काही माप असते. मणक्यांच्या मागे डावी-उजवीकडे छोटे फॅसेट सांधे असतात. मानेच्या दुसऱ्या मणक्याखालून मोजले तर 23 जोड्या, म्हणजे 46 सांधे. कमरेच्या एका सांध्यात जेमतेम 1 ते 1.5 मिली मावते, मानेच्या सांध्यात त्याहून कमी. 60 मिली रक्त काढून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की पीआरपी हाती येते साधारण 6 मिली. कमरेचे चार-सहा सांधे होईतो सिरिंज रिकामी. उरलेल्या चाळीस सांध्यांत काय भरणार, सलाइन? जास्त दाबून भरले तर सांध्याची पिशवी फाटते आणि द्रव बाहेर पाझरतो. शिवाय सुई सांध्यातच गेली का, हे सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली, एक्स-रेत दिसणारे थेंबभर औषध (कॉन्ट्रास्ट) सोडून बघायचे असते. नुसते बोटाने चाचपून टोचले तर ती स्नायूतच राहिली नाही कशावरून?

‘एमआरआय पुरे.’ नाही पुरे. पन्नाशीनंतर झीज न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही दिसते. दुखणे त्याच सांध्याचे आहे का, हे ठरवायला त्याच्या दोन बारीक नसांपाशी प्रत्येकी अर्धा मिली किंवा कमी भूल देतात. पुढचे काही तास मागे वाकून, खुर्चीतून उठून बघायचे. 80 टक्के आराम पडला तर नंतर एखाद्या दिवशी वेगळ्या भुलीने खात्री करतात. फरकच पडला नाही, तर त्या सांध्यात पीआरपी घालणे म्हणजे पैसे मांडवी नदीत सोडणे. खात्री झाली, तर त्या नसा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने जाळून बधिर करण्याचा पर्याय आहे. आराम साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो, मग नस पुन्हा वाढते.

स्टेम सेल? आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत: रक्तविकारांचे मान्य उपचार सोडले, तर मंजूर क्लिनिकल ट्रायलबाहेर रुग्णाला स्टेम सेल देता येत नाहीत. विषय संपला.

पीआरपीचे मात्र अर्धे खरे आहे, मान्य करतो. 2017 सालच्या एका अभ्यासात कंबरेच्या फॅसेटदुखीच्या 46 रुग्णांत सुरुवातीला स्टेरॉइड सरस ठरले, पण सहा महिन्यांनी पीआरपीचा आराम जास्त टिकला. पण त्यात तुलनेसाठी औषधाविना खोटी सुई दिलेला गट नव्हता; आणि मोजले ते दुखणे आणि रोजची कामे किती जमतात ते, सांध्यातली कूर्चा उगवली का हे नव्हे.

‘धोका शून्य’: रक्त आपले असले तरी सुई, नळी, टेबल आपले नसते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. पीआरपीआधी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवायला सांगतात, कारण त्या प्लेटलेटचे काम अडवतात. त्यावरून कुणी स्टेंटनंतरची रक्त पातळ करणारी गोळी मनानेच बंद केली, तर थेट हृदयावर बेतेल. ती फक्त हृदयाच्या डॉक्टरांना विचारून.

आणि सुईनंतर ताप येऊन दुखणे वाढले, पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा बसायच्या जागी बधिर वाटले, तर मेसेज पाठवणाऱ्याला फोन करत बसू नका. त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत जा.