गाडी म्हणजे पितळेचा तांब्या नव्हे

गोव्यातल्या वाळपईच्या मामांनी गेल्या रविवारी गाडीचा फोटो पाठवला. गडद निळ्या बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढुरक्या गोल रेघा. खाली लिहिलं होतं, ‘एवढं घासलं तरी चमक येत नाही. आणखी किती घासू?’ आणि त्याखाली तो मेसेज, जो तोवर आमच्या घरच्या तिन्ही ग्रुपांवर फिरून आला होता. मी तो पहिल्यांदा आला तेव्हाच बोलायला हवं होतं. हसून सोडून दिला, त्याचं फळ मामांच्या बोनेटने भोगलं.

मेसेजचं म्हणणं असं: गॅरेजवाले तुम्हाला सांगत नाहीत, पण रंगावर चिकटलेलं काहीही घरच्या घरी निघतं. लाल धुळीला चुलीची राख आणि नारळाचं सोडण (‘नैसर्गिक असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत’). डांबराला पेट्रोल. सिमेंटच्या ठिपक्यांना कोला. चिकाला खोबरेल. पक्ष्यांची घाण उन्हात कडक वाळू द्यावी, मग खरवडावी. उरलेल्या डागांना टूथपेस्ट. आणि क्ले बार (रंगावर फिरवायचा मातीसारखा मऊ गोळा) म्हणजे मातीच्या नावाने लूट, शिवाय यानेही ओरखडे पडतात.

सोडणापासूनच सुरू करतो, कारण मामांनी तेच केलं. ‘आजी याच राखेने तांबे लखलखीत करायची’ हे वाक्य वाचून आमच्याकडची माणसं विरघळतात. पण तांब्या चकाकतो तो त्याचा वरचा थर घासून जातो म्हणूनच. खालीही तेच पितळ असतं, त्यामुळे पन्नास वर्षं घासलं तरी बिघडत नाही. गाडीचं तसं नाही. पत्र्यावरचे प्रायमर, रंग आणि सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट, असे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉन, म्हणजे वर्तमानपत्राच्या एका पानाहून पातळ. चकाकी त्याची, उन्हापासून रक्षणही त्याचंच. तो गेला की खाली पुन्हा तोच नसतो.

त्यात आपली धूळ. सत्तरी-डिचोलीच्या लाल धुळीत लोहखनिजाचे कण असतात, वाळूचे असतात. दोन्ही क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. राखेतही कणी असतेच. म्हणजे मामांनी मऊ प्लॅस्टिकसारख्या थरावर तीन प्रकारचा सँडपेपर एकदम फिरवला, तोही गोल गोल. नैसर्गिक म्हणे! जांभा दगडही नैसर्गिकच असतो, त्याने गाडी पुसाल?

बरं, ही धूळ बहुतेक वेळा रंगात रुतलेली नसतेच, नुसती बसलेली असते. तिला हात लावण्याआधी पाइपने भरपूर पाणी मारा, वरून खाली. मग शॅम्पूच्या पाण्यात बुडवलेलं मायक्रोफायबर, आणि ते खळबळायला साध्या पाण्याची दुसरी बादली. एवढ्यात बरीचशी जाते. तरी नारिंगी ठिपके उरले, पांढऱ्या गाडीवर ते ठळक दिसतात, तर ती माती नव्हे. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे तापलेले कण रंगात रुतून गंजतात, ते हे. त्यांच्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. त्यात थायोग्लायकोलेट असतं, केस काढायच्या क्रीमच्या जातीचं रसायन, आणि वासही तसाच घाणेरडा. लोखंडाशी गाठ पडली की ते जांभळं होतं आणि ठिपके न घासता सुटतात. हातमोजे घालून, सावलीत, गार पत्र्यावर मारायचं आणि वाळायच्या आत धुऊन टाकायचं.

पेट्रोलबद्दल अर्धं खरं आहे, हे नाइलाजाने मान्य. डांबर हे खनिज तेलाचंच भावंड, म्हणून ते पेट्रोलमध्ये विरघळतं. रस्त्याच्या कामातून रोज जाणाऱ्यांच्या दारांखाली जे काळे ठिपके बसतात, ते पेट्रोलच्या फडक्याने निघतीलही. पण पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते, आणि आपण ते मे महिन्यात, नुकत्याच बंद केलेल्या गरम गाडीपाशी, बंद गॅरेजात ओतणार? टार रिमूव्हरची बाटली घ्या, ठिपक्यावर मिनिटभर राहू द्या, फडक्याने टिपा, मग ती जागा शॅम्पूने धुवा. एका ग्रुपवर कुणीतरी पेट्रोलच्या जागी थिनर अशी सुधारणा केली आहे. ठोकर लागून पुन्हा रंगवलेल्या दारावर थिनर चोळलात तर डांबराबरोबर रंगही फडक्यावर येऊ शकतो.

कोलात आम्ल असतं आणि आम्लाने सिमेंट मऊ पडतं, तेवढं बरोबर. मग साखरेचा चिकटा कशाला? पातळ केलेलं व्हिनेगर थोडा वेळ लावून धुतलं तरी तेच होतं. टूथपेस्ट हे घासायचंच द्रव्य आहे, पुढे बोलायला नको.

खोबरेल मात्र चालतं. फणस कापताना आपण विळीला आणि हाताला तेल लावतो ते उगाच नाही. ताजा चीक तेलाने सुटतो, नंतर तेल धुवायचं. वाळलेल्याला वेळ द्यावा लागतो, नख नव्हे. पक्ष्यांची घाण तर वाळू द्यायचीच नसते. तापल्या रंगावर ती जितकी बसेल तितका डाग खोल. ओला टिश्यू दहा मिनिटं ठेवावा आणि उचलून घ्यावा.

राहिला क्ले बार. ‘यानेही ओरखडे पडतात’ असं मेसेज सांगतो, आणि गंमत म्हणजे याला सज्जड पुरावा आहे, जो मेसेजवाल्याला ठाऊक नसावा. जपानच्या तादाओ कोदाते यांनी 1990च्या दशकात अमेरिकेत याचं पेटंट घेतलं, त्याचं नावच ‘प्लॅस्टिक फ्लेक्सिबल ग्राइंडिंग स्टोन’, म्हणजे लवचिक घासायचा दगड. मऊ गोळ्यात बारीक घासणारे कण मळलेले. तेव्हा हो, तोही घासतो. पण तो रंगावर वर आलेले उंचवटे कापतो, तेही पृष्ठभाग निसरडा ओला असेल तरच. शॅम्पूचं पाणी सतत हवं, बोटांचा दाब नको, गोळा काळा झाला की घडी घालून नवी बाजू काढायची आणि जमिनीवर पडला तर सरळ टाकून द्यायचा. गरज आहे का हे पाहायला धुतलेल्या गाडीवर प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातात घालून बोटं फिरवा. खरखर लागली तर क्ले, नाहीतर नको. धूसर रेघा उरल्या तर हलकं पॉलिश, शेवटी वॅक्स. दर महिन्याला क्ले मारणारे डिटेलिंगवालेही (गाड्या चकचकीत करून देणारे) मला सोडणवाल्यांइतकेच नकोसे वाटतात.

मामांच्या बोनेटला आता मशीनचं पॉलिश लागेल, म्हणजे उरलेल्या थरातून आणखी थोडा जाणार. छत अजून शाबूत आहे. सोडण न्हाणीच्या चुलीत घाला आणि मी येईपर्यंत छताला हात लावू नका, असं सांगून ठेवलंय.