टूथपेस्ट, डिझेल आणि सकाळचं फडकं: त्या ‘शोरूम चमक’वाल्या फॉरवर्डला उत्तर

तो फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेलच. ‘गाडी बाहेर धुवायला कशाला देता, घरातल्या वस्तूंनीच आणा शोरूमसारखी चमक’ असा मथळा, खाली सहा मुद्दे आणि शेवटी हात जोडलेले. माझ्याकडे तीन ग्रुपवर तीनदा आला. तिसऱ्यांदा टाकणारा माझा मावसभाऊ, आणि त्याच्या गाडीचं बोनेट मी जवळून बघितलंय, त्यामुळे आता गप्प बसणं काय जमेना.

फॉरवर्डमध्ये काय आहे ते आधी सांगतो. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसा. भांड्यांच्या साबणाने धुवा. उन्हात धुवा म्हणजे झटकन वाळते. हेडलाइट पिवळे पडले तर टूथपेस्ट लावा. चमक हवी तर डिझेलचा हात मारा. आणि सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा पारदर्शक लेप) केलं की पुढची पाच वर्षं धुवायचीच कटकट नाही.

सगळ्यात वाईट मुद्दा पहिलाच आहे, कारण तो सगळ्यात साधा वाटतो. फडक्याने काय होणारे? तर ऐका. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअरकोट, आणि चमक म्हणून आपण जी बघतो ती त्याची. जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ. आणि त्यावर बसलेल्या धुळीत बारीक वाळू असतेच, वाळू म्हणजे बहुतेक करून क्वार्ट्झ, कडकपणाच्या मोह्स स्केलवर ७. काच साडेपाचच्या आसपास असते, मग बिचाऱ्या क्लिअरकोटचं काय. कोरडं फडकं फिरवलं की ही वाळू त्याच्याखाली पॉलिश पेपरचं काम करते. फडकं मऊ आहे की नाही हा प्रश्नच नाही, त्याच्याखाली काय अडकलंय ते बघा.

मीही हे केलंय, चार वर्षं, अगदी प्रेमाने. गडद निळी गाडी, रोज सकाळी निघण्याआधी फडकं. दिवसा गाडी एकदम झकास दिसायची. मग एका रात्री पेट्रोल पंपावर हवा भरताना वरच्या दिव्याचं प्रतिबिंब बोनेटवर पडलं आणि त्याच्याभोवती गोल गोल रेघा, कोळ्याने जाळं विणावं तशा. मला वाटलं हा पंपवाल्यांच्या दिव्याचा काहीतरी प्रकार असेल. घरी येऊन मोबाइलचा टॉर्च मारला तर तेच, टॉर्च जिकडे सरकवीन तिकडे जाळं सरकतंय. खरं तर त्या रेघा गोल नसतातच, सगळ्या दिशांनी अस्ताव्यस्त असतात, पण उजेडाला आडव्या असलेल्याच तेवढ्या चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळ झाल्यासारखं दिसतं. आत्ता अंधारात जाऊन स्वतःच्या गाडीवर टॉर्च मारून बघा, मग पुढचं वाचा.

धूळ नुसती बसून राहिली तर रंगाचं काही बिघडत नाही. घासली की बिघडतं. पाणी नसेल त्या दिवशी काचा तेवढ्या ओल्या करून पुसा आणि धुळीसकट निघा. लाज वाटली तर वाटू दे.

आता भांड्यांचा साबण. इथे मी थोडा फॉरवर्डच्या बाजूने आहे, कारण त्याला उत्तर म्हणून दुसरा एक मेसेज फिरतोय की भांड्यांच्या लिक्विडने रंग जळतो. काही जळत वगैरे नाही. हाताने भांडी घासायची लिक्विड बहुतेक न्यूट्रलच्या आसपास असतात, नाहीतर आपले हात आधी गेले असते. पण त्यांचं कामच तेलकट काढणं, आणि गाडीवरचं वॅक्स त्यांना तेलकटच वाटतं, त्यामुळे दर वेळी त्यानेच धुतलं तर वॅक्स उतरत जातं. नवीन वॅक्स लावण्याआधी जुनं काढायला लोक मुद्दाम एकदा वापरतात, तेवढं ठीक. कार शाम्पूत आणखी एक गोष्ट असते, बुळबुळीतपणा. हात घसरत राहतो, मातीचे कण दाबले न जाता वाहून जातात. कपड्यांची पावडर मात्र अजिबात नको, ती जास्त अल्कधर्मी असते आणि न विरघळलेले दाणे परत घासायलाच मदत करतात.

साबणावरून भांडणारे बादलीबद्दल काहीच बोलत नाहीत, आणि खरी गंमत तिथे आहे. एक बादली शाम्पूची, दुसरी साध्या पाण्याची. आधी नुसत्या पाण्याच्या धारेने सुटी माती पाडायची, मग शाम्पूतलं फडकं एका भागावर फिरवायचं, साध्या पाण्यात पिळायचं, परत शाम्पूत. टपापासून सुरुवात करून खाली यायचं, दरवाजांचा खालचा भाग शेवटी. चाकांना वेगळं फडकं आणि शक्यतो वेगळी बादली, कारण ब्रेकमधून उडणाऱ्या काळ्या भुकटीत लोखंडाचा चुरा असतो. धुऊन झालं की साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी हात घालून बोटं चोळून बघा. जे कचकच लागतं ना, ते एकाच बादलीत धुणारा माणूस परत परत बोनेटवर नेऊन घासत असतो. आणि फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद, झटकून चालत नाही!

मायक्रोफायबर धुताना कपडे मऊ करायचं ते लिक्विड टाकू नका, धाग्यांवर त्याचा थर बसतो आणि मग ते पाणी ओढायचं सोडून नुसतं इकडून तिकडे पसरवतं.

उन्हात धुवायचा मुद्दा फार खेचत नाही. झटकन वाळते हे खरंय, तोच तर लोच्या आहे. पाणी उडून जातं, त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम तिथेच राहतं आणि पांढरे ठिपके पडतात. शाम्पूही धुवायच्या आत वाळून चिकटतो. बोनेटला उलटा हात लावा, चटका बसला तर थांबा. ठिपके पडलेच असतील तर पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर हलक्या हाताने लावून लगेच धुवायचं, ताजे असतील तर निघतात. (हा घरगुती उपाय खरोखर चालतो आणि नेमका फॉरवर्डमध्ये नाहीये.)

टूथपेस्टचं काय, तर ती काम करते. म्हणून तर हा सल्ला मरत नाही. हेडलाइट आता काचेचे नसतात, पॉलिकार्बोनेटचे असतात, वर कंपनीने अतिनील किरण अडवणारा थर दिलेला असतो. ऊन खाऊन तो थर संपतो आणि खालचं प्लास्टिक पिवळं, धुरकट होतं. टूथपेस्टमधले खरखरीत कण ते पिवळं खरवडून काढतात, व्हिडिओ मस्त बनतो. पण जो काही थर शिल्लक असतो तोही जातो आणि नवा कोणी लावत नाही, म्हणून पिवळेपणा परत येतो. दोन महिन्यांनंतरचा व्हिडिओ बघितलाय कधी कोणी? नीट करायचं तर ओला पॉलिश पेपर १००० नंबरचा, मग २०००, मग ३०००, त्यावर पॉलिश, आणि शेवटी यूव्ही अडवणारं कोटिंग. हे शेवटचं वगळलं तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. धुरकटपणा आतल्या बाजूने असेल तर बाहेरून काहीही चोळा, उपयोग शून्य.

डिझेलबद्दल लिहायचाही कंटाळा येतो. तेलकट थर रेघांमध्ये भरतो म्हणून दोन दिवस गाडी ओली-काळी चमकते, मग त्याच तेलावर दुप्पट धूळ चिकटते, मग सकाळी फडकं, आणि आपण पहिल्या मुद्द्यावर परत. दरवाजांच्या रबरी बीडिंगला आणि टायरला ते बाधतं ते वेगळंच, रबर फुगतं, मऊ पडतं.

सिरॅमिक कोटिंग चांगली गोष्ट आहे, घाण लवकर सुटते, पाणी ओघळून जातं. पण धुवायचीच गरज नाही हे कोणी सांगितलं? कोटिंगवाले कडकपणा म्हणून ‘९एच’ सांगतात, ते म्हणजे हिऱ्याच्या जवळपास असं लोकांना वाटतं, पण तो आकडा पेन्सिलचा आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली थरावर दाबून ओढतात आणि कुठल्या पेन्सिलने ओरखडा उठतो ते बघतात, त्यातली ९एच. आणि थर जेमतेम एखाद-दोन मायक्रॉनचा. वाळू त्याला काय विचारते.

ज्या गोष्टीची खरंच घाई करायला हवी तिचा फॉरवर्डमध्ये उल्लेखच नाही, पक्ष्यांची शिट. तिच्यात आम्ल असतं, आणि उन्हात क्लिअरकोट थोडा मऊ होऊन पसरतो, संध्याकाळी गार होताना त्या वाळलेल्या शिटेभोवती आवळतो, तिथे कायमचा मंद डाग राहतो. ती नखाने किंवा कोरड्या कागदाने खरवडायची नाही. ओला टिश्यू दहा मिनिटं वर ठेवायचा, मऊ झाली की उचलून घ्यायची.

हे सगळं मी काल रात्री मावसभावाला फोनवर सांगितलं. दादा म्हणाला, माझ्या गाडीवर एकपण रेघ नाही, पैज लाव. म्हटलं मग टॉर्च घेऊन खाली जा आणि बोनेटवर मार. गेला बिचारा. दोन मिनिटं नुसताच पावलांचा आवाज, मग म्हणाला, ‘अरे धूळ फार बसलीय, काही दिसत नाही, थांब आधी फडकं मारून घेतो.’