नियोजन करा, पण सरासरीनेच

आपल्या अखत्यारीतील वस्तीत विजेवरच्या मोटारगाड्या वाढत असतील, तर घाबरून वीजवाहिन्यांची मोजमापे घेत बसू नका. सर्व मोटारी मिळून वर्षभरात किती युनिट वीज घेतील ते काढा, त्याला वर्षाच्या 8,760 तासांनी भागा आणि येणारा किरकोळ आकडा अहवालाच्या पहिल्याच पानावर ठळक छापा. रोहित्र (वस्तीला वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर) सरासरीने तापत नाही, सगळे जण कामावरून परतून एकाच सुमारास प्लग लावतात तेव्हा तापते, असे एखादा कनिष्ठ अभियंता सुचवील. त्याची बदली करता येते.

शेजारच्या घरांतील मोठी उपकरणे सहसा एकाच क्षणी चालत नाहीत, म्हणून रोहित्रावर प्रत्येक घराचा वाटा एक-दोन किलोवॅट धरण्याची जुनी प्रथा आहे. ती मोडू नका. घरचा चार्जर 230 व्होल्टवर 32 अँपिअर, म्हणजे सुमारे 7.4 किलोवॅट, तेही तासन् तास घेऊ शकतो, हा तपशील परिशिष्टात घालावा, कारण परिशिष्ट कोणी वाचत नाही. कोणत्या घरी चार्जर बसला याची नोंद तर मुळीच ठेवू नका. शेजाऱ्याचे पाहून अर्ध्या गल्लीने मोटारी घेतल्या आणि सगळे चार्जर तीनपैकी एकाच फेजवर आले, तरी न्यूट्रललाही, म्हणजे परतीच्या तारेलाही, कधी तरी काम मिळायलाच हवे. वाहिनीच्या टोकावरच्या घरातला विजेचा दाब घसरला, तर त्यांना स्टॅबिलायझर घ्यायला सांगा.

यानंतर रात्री ठीक बारापासून स्वस्त दर लागू करा. संध्याकाळी मागेपुढे येणाऱ्या मोटारी आता टायमरच्या शिस्तीने एकाच ठोक्याला वीज ओढू लागतील. प्रवाह दुप्पट झाला की रोहित्राच्या वेटोळ्यातील उष्णता चौपट होते, आणि त्याचे तेल निवण्याची वेळ नेमकी रात्रीचीच असते, पण दरपत्रक छापणाऱ्यांना तेलाशी काय कर्तव्य?

मोटार रात्रभर उभी असते आणि तिला बहुधा दोन-तीन तासांचेच चार्जिंग लागते, तेव्हा आळीपाळीने वीज दिली तर आहे ती वाहिनीही बरीच पुरेल, हा प्रस्ताव मात्र धोकादायक समजा. त्यात खोदकाम नाही, निविदा नाही, उद्घाटन नाही. स्मार्ट मीटर अवश्य बसवा; फक्त त्यांच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदी बिल विभागातून नियोजन विभागात पोहोचणार नाहीत, एवढी दक्षता घ्या.