डनबारचे कार्यक्रम करणाऱ्यांनो, फक्त 'मास्क' नका वाचू

पॉल लॉरेन्स डनबार या कृष्णवर्णीय कवीच्या नावानं अमेरिकेत शाळा आहेत, विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, १९७५ साली दहा सेंटचं टपाल तिकीटही निघालं. पण ओहायो राज्यातल्या डेटनमध्ये, म्हणजे त्याच्या गावात, जे झालं ते जास्त कठीण होतं. त्याचं घर जागच्या जागी राखलं गेलं. १९०४ साली त्यानं ते आईसाठी घेतलं आणि १९०६ साली, वयाच्या ३३व्या वर्षी, क्षयानं तिथेच गेला. आई मटिल्डा केंटकीत गुलामगिरीत वाढलेली. १९३४ पर्यंत ती त्याच घरात राहिली आणि मुलाची अभ्यासिका तिनं कुणाला हलवू दिली नाही. १९३६ साली ओहायो राज्यानं घर विकत घेतलं. त्याच सुमारास पश्चिम डेटनमधलं राइट बंधूंचं घर आणि सायकलचं दुकान हेन्री फोर्डनं उचलून मिशिगनला नेलं. ऑर्व्हिल राइट आणि डनबार एकाच शाळेतले. डनबारचं 'डेटन टॅटलर' हे वर्तमानपत्र १८९० साली राइट बंधूंनीच छापलं होतं. तीन अंकांत बंद पडलं ते सोडा.

घराबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती जयंतीच्या, शाळेच्या, ग्रंथालयाच्या कार्यक्रमांबद्दल. बहुतेक ठिकाणी दोनच कविता: 'वी वेअर द मास्क' आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याची 'सिंपथी'. दोन्ही थोर आहेत, दोन्ही प्रमाण इंग्रजीत आहेत. दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या बोलीत त्यानं लिहिलेल्या कवितांना मात्र कुणी हात लावत नाही, कारण त्या चारचौघांत वाचायची लाज वाटते.

लाजेला कारण आहे. शिकलेल्या डनबारला वर्णभेदामुळे लिफ्ट चालवायचीच नोकरी मिळाली, आठवड्याला चार डॉलर. पहिलं पुस्तक छापायला १२५ डॉलर लागले, म्हणजे एकतीस आठवड्यांचा पगार. प्रती त्यानं लिफ्टमधल्या लोकांना डॉलर-डॉलरला विकल्या. १८९६ साली हॉवेल्स या बड्या समीक्षकानं त्याला उचलून धरलं, पण बोलीतल्या कवितांसाठी. मग संपादकांना तेवढंच हवं झालं. पुढच्याच वर्षी डनबारनं पत्रात लिहिलं की हॉवेल्सनं माझं कधीही न भरून येणारं नुकसान केलं. आणखी एक अडचण: आपल्या बहिणाबाईंची बोली त्यांच्या रोजच्या तोंडची होती. डनबार ओहायोत वाढला. दक्षिणेतली बोली त्याच्याकडे बरीचशी आईच्या आठवणींतून आली. म्हणून त्यातल्या काही कवितांत गुलामगिरीतल्या मळ्यावरच्या 'सुखी' दिवसांचं गोड चित्र आहे. त्या वगळल्या तर माझी हरकत नाही.

पण 'ॲन अँटी-बेलम सर्मन' (यादवी युद्धाआधीचं प्रवचन) वगळणं म्हणजे निव्वळ आळस. गुलामांपुढे प्रवचनकार बायबलमधली मोझेस आणि इजिप्तचा राजा फारो यांची गोष्ट सांगतोय. देव आपल्या माणसांना सोडवतो, इथवर येतो आणि एकदम सावरतो: मी जुन्या काळचं सांगतोय हं, आजचं नाही. मालकाचे कान कुठेतरी आहेत हे त्याला ठाऊक आहे. 'मास्क'मध्ये मुखवट्याबद्दल सांगितलंय. इथे तो चढवलेला ऐकू येतो. म्हणून दोन्ही लागोपाठ वाचाव्यात, आधी 'मास्क', मग 'सर्मन'.

वाचताना दोन ठिकाणी घोळ होतो. एक, वाचणारा नकला करायला लागतो आणि तोंडाला काळा रंग फासून काळ्या लोकांची टिंगल करणाऱ्या जुन्या मिन्स्ट्रेल तमाशाची आठवण येते. दुसरा, भीतीपोटी सगळे उच्चार प्रमाण करतो. गिळलेले स्वर परत आले की ओळीत अक्षर वाढतं आणि ठेका मोडतो. उपाय सोपा आहे. आधी नुसत्या टाळीवर कविता म्हणून बघा, प्रत्येक ओळीत चार आघात येतात. ठेका बसला की उच्चार लिहिलेत तेवढेच करा, वर आवाजाची नाटकं नकोत. 'सर्मन' पूर्ण वाचायला पाच-सहा मिनिटं लागतात. आधी दोन मिनिटं मोझेसची गोष्ट आणि काळ सांगावा, नाहीतर पोरं बोलीलाच हसतात. 'जुन्या काळचं' या ओळीआधी श्वासभर थांबायचं. तिथे हसू आलं तर येऊ द्या, ते योग्य जागी आहे. मग 'व्हेन मलिंडी सिंग्ज' ही मलिंडीच्या गाण्यावरची कविता, आणि ती गाणाऱ्या बाईनंच वाचावी.

प्रदर्शन मांडत असाल तर मूळ हस्तलिखितं खिडकीजवळ ठेवू नका. कागद-शाईला ५० लक्स उजेड पुष्कळ झाला. तोही कायम नको, काही महिन्यांनी कागद बदला. भिंतीवर प्रती लावा.

परवानगीचा बाऊही करू नका. डनबारच्या हयातीत छापलेल्या सगळ्या कविता कधीच हक्कमुक्त झाल्या आहेत. मोठ्या टायपात छापून श्रोत्यांना वाटा, फक्त स्पेलिंग 'सुधारू' नका. डेटनच्या वूडलँड स्मशानभूमीत त्याच्या कबरीवर ज्या ओळी कोरल्यात, त्याही बोलीतल्याच आहेत.