केएफ छापाचं काडतूस लाखाला जात नाही, आणि उडवून तर अजिबात बघू नका

गेल्या महिन्याभरात तो मेसेज मला चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवला, त्यात माझा मामेभाऊ पण. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आजोबा-पणजोबा फौजेत असतील, घरात जुनी ट्रंक असेल, तर त्यात थ्री नॉट थ्रीची पितळी काडतुसं शोधा. बुडावर केएफ लिहिलं असेल तर ती खडकीची, ब्रिटिश काळातली, परदेशात एकेक लाखाला जाते. जुनी म्हणजे अँटिक, लायसन्सची गरज नाही. आतली दारू कधीच मेलेली असते, त्यामुळे धोका नाही. पितळ घासून चकचकीत करा, भाव वाढतो. आणि असली आहे का बघायचं तर ओळखीच्या बंदुकीत एक उडवून बघा, त्या काळचा माल दणकट.

मेसेजमध्ये एकच गोष्ट बरोबर आहे, केएफ म्हणजे खडकी. बाकी सगळं चूक आहे आणि काही गोष्टी तर हात-डोळा घालवतील अशा आहेत. माझे वडील खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते, काडतुसाच्या बुडावरची अक्षरं वाचायला मी त्यांच्याकडून शिकलो आणि तो नाद मला आजही आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी पैशाचं, कारण लोक तिथंच फसतात. खडकीचा कारखाना १८६९ चा. थ्री नॉट थ्रीची मार्क सेव्हन, म्हणजे सातव्या आवृत्तीची, गोळी १९१० ला आली, १७४ ग्रेनची (साधारण ११ ग्रॅम), आणि दोन महायुद्धांत इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि आपली खडकी मिळून ती किती बनली असेल याचा विचार करा, हिशोब अब्जांत जातो. ज्या वस्तूचे अब्जावधी नग निघाले ती नुसती जुनी झाली म्हणून दुर्मिळ होत नाही. युद्धकाळातलं साधं सुटं मार्क सेव्हन काडतूस विलायतेतल्या संग्राहकांच्या जत्रेत काही पौंडांत मिळतं, ते सुद्धा बहुतेक वेळा निकामी केलेलं, कारण तिथं पण जिवंत ठेवायला सर्टिफिकेट लागतं.

मग किंमत कशाला असते? न फोडलेल्या पाकिटाला, ज्याचं लेबल आणि तारीख शाबूत आहे. पन्नास काडतुसांच्या मूळ कापडी पट्ट्याला, ज्यात पाच-पाचच्या क्लिपा जशाच्या तशा आहेत. सुरुवातीच्या काळ्या दारूच्या थ्री नॉट थ्रीला, १८८९ च्या आसपासच्या, कारण ती दोन-तीन वर्षांतच मागं पडली आणि कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या मार्क टू स्पेशलला, ज्याचं टोक उघडं ठेवलेलं होतं आणि ज्याच्यावरून 'डमडम गोळी' हा शब्द जगभर गेला, तसल्या पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९ ला हेगमध्ये बंदी घालायचं ठरलं. संस्थानिकांच्या शिकारीच्या जाडजूड काडतुसांच्या कायनॉक या इंग्लिश कंपनीच्या जुन्या खोक्यांना पण मागणी असते, अनेकदा खोकं आतल्या मालापेक्षा महाग. म्हणजे बघा, किंमत कागदाला, शिक्क्याला, क्रमाला आहे, पितळाला नाही.

आणि समजा खरंच कुणी लाख द्यायला तयार आहे, तर पाठवणार कसं? जिवंत काडतूस पोस्टानं जात नाही, विमानात परवान्याशिवाय चालत नाही, देशाबाहेर न्यायला आर्म्स अॅक्टच्या कलम १० खाली वेगळा परवाना लागतो. त्यामुळे जो कुणी फोनवर "फोटो पाठवा, मग टेस्टिंगची फी भरा, परदेशी पार्टी तयार आहे" म्हणतोय त्याला तुमचं काडतूस नकोय, फी हवीय. राइस पुलरच्या, म्हणजे तांदूळ ओढून घेणाऱ्या जादुई भांड्याच्या नावाखाली तांब्याच्या भांड्यांचं जे चालतं तेच हे, माणसं त्यात जमिनी विकून बसली आहेत.

आता "जुनं म्हणजे अँटिक, लायसन्स लागत नाही". इथं दोन कायद्यांची खिचडी झाली आहे. शंभर वर्षांचा नियम येतो तो १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातून, मूर्ती, नाणी, ताम्रपट असल्या गोष्टींसाठीचा. पहिली गोष्ट, उदाहरणार्थ १९४३ चं काडतूस शंभर वर्षांचं झालेलंच नाही. दुसरी, ते झालं असतं आणि पुरावस्तू ठरलं असतं तरी त्याच कायद्यानं खाजगी माणसाला ती वस्तू देशाबाहेर पाठवायला मनाई आहे, म्हणजे मेसेजमधला 'परदेशात लाख' तिथंच संपला.

१९५९ च्या आर्म्स अॅक्टमध्ये सूट आहे, नाही असं नाही, कलम ४५ मध्ये. पण ती अशा जुन्या किंवा मोडक्या शस्त्राला आहे जे दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून चालणार नाही. भिंतीवरच्या गंजलेल्या ठासणीच्या बंदुकीला ती लागू शकेल, ज्याची टोपी, म्हणजे बुडातला ठिणगी देणारा भाग, न ठोकलेली आहे अशा जिवंत काडतुसाला "जुनं आहे हो" म्हणून लागत नाही. त्यात थ्री नॉट थ्री हा फौजेचा बोअर, म्हणजे नळीचं माप, सामान्य माणसाला तो मिळतच नाही, म्हणून तर आपल्याकडे लायसन्सवाल्यांसाठी पॉइंट थ्री वन फाइव्ह काढली. विनापरवाना काडतूस बाळगल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. बॅगेच्या कोपऱ्यात एखादी गोळी राहून गेली आणि माणसाला खरंच माहीत नव्हतं, अशा केसेस कोर्टानं रद्द केल्या आहेत, कारण जाणूनबुजून ताबा लागतो. पण तुम्ही स्वतः फोटो काढून ग्रुपवर "कितीला जाईल" म्हणून टाकलात की माहीत नव्हतं हे कसं म्हणणार?

आजोबांना शिकारीचा परवाना होता आणि ते गेले, अशी पण बरीच घरं आहेत. तिथं वारसांनी बंदूक आणि काडतुसं विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायची असतात, कलम २१. परवाना माणसाचा असतो, घराचा नाही.

"दारू मेलेली असते." यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

मार्क सेव्हन थ्री नॉट थ्रीच्या आत बहुधा भुकटी नसते, शेवयांसारख्या बारीक लांब काड्या असतात, ते कॉर्डाइट. पहिल्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन (अॅसिडानं स्फोटक केलेला कापूस) आणि ५ टक्के मिनरल जेली, म्हणजे आपलं व्हॅसलिनच. ते इतकं गरम जळायचं की नळ्या खाऊन टाकायचं, म्हणून १९०१ ला प्रमाण बदलून नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणलं. व्हॅसलिन घातलं होतं नळी साफ राहावी म्हणून, पण कळलं असं की खरा उपयोग वेगळाच आहे, गनकॉटन हळूहळू विघटन पावताना जे नायट्रोजनचे वायू सुटतात ते हे पकडून ठेवतं. ते पकडणारं संपलं की विघटनाला वेग येतो. ही क्रिया थंडीत रेंगाळते, उकाड्यात पळते, दर दहा अंशाला साधारण दुप्पट. म्हणून कॅनडातल्या थंड तळघरात ठेवलेलं १९४० चं काडतूस आजही व्यवस्थित उडू शकतं, हे खरंय आणि ते मी नाकारत नाही. पण कोकणात कौलाखालच्या माळ्यावर, नाहीतर पत्र्याच्या ट्रंकेत ऐंशी उन्हाळे काढलेल्याचं काय झालंय ते बाहेरून दिसत नाही. मेलं असेल, अर्धं मेलं असेल, किंवा काड्यांचा पृष्ठभाग बदलून आधीपेक्षा वेड्यासारखा दाब देणारं झालं असेल. फ्रान्सच्या युद्धनौका, इएना १९०७ ला आणि लिबर्ते १९११ ला, तुलों बंदरात उभ्या उभ्या फुटल्या, खराब झालेली बिनधुराची दारू हेच कारण मानलं जातं. तुमच्या ट्रंकेतली पाच काडतुसं आपोआप पेटतील असं मी म्हणत नाही, ढीग असतो तिथं उष्णता कोंडते, पाचांची निघून जाते. पण 'मेलेली' हा शब्द वापरायचा नाही, बस. आणि दारू गेली तरी बुडाची टोपी राहतेच, ती स्वतः एक छोटा स्फोटक आहे, त्यामुळे घरी पक्कड घेऊन उघडू नका, पाण्यात-तेलात बुडवून "निकामी केली" असं पण समजू नका, वार्निश लावलेली टोपी महिनोन्‌महिने भिजूनही चालू शकते.

एक गोष्ट वेगळी सांगतो, टोपीभोवती रंगाची कडी असते. साध्या गोळीला जांभळी. लाल, हिरवी, निळी, काळी दिसली तर ती ट्रेसर, चिलखतभेदी, आग लावणारी वगैरे प्रकारातली, आणि आग लावणाऱ्यांच्या काही मार्कांत तर फॉस्फरस भरलेला असतो. तिथं तर हातसुद्धा लावायचा नाही.

घासण्याबद्दल. हा सल्ला वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण याचा इतिहास आपल्याच मातीतला आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेच्या लक्षात आलं की पावसाळ्यात तबेल्यात साठवलेली काडतुसं नंतर बघावी तर तडकलेली, मानेजवळ उभ्या चिरा. याला सीझन क्रॅकिंग म्हणायला लागले, सीझन म्हणजे आपला पावसाळाच. कित्येक वर्षं कारण सापडलं नाही. १९२१ ला मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी नीट उलगडून दाखवलं की घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया हवेतल्या ओलाव्याबरोबर पितळावर बसतो, त्यातलं तांबं खातो, आणि पितळ थंड अवस्थेत ओढून काढताना त्यात जो ताण कोंडलेला असतो तो त्याच जागी चीर पाडतो. उपाय पण निघाला, पितळ बेतानं तापवून तो ताण घालवायचा. वडील सांगायचे की काडतुसाच्या मानेवर जी निळसर-तपकिरी झाक दिसते ना, ती या तापवण्याची खूण, तिला डाग समजू नको. आता पितळ घासायच्या पॉलिशच्या बाटलीचं झाकण उघडून बघा, नाकात जातो तो वास बऱ्याच वेळा अमोनियाचाच असतो! म्हणजे ज्यानं तबेल्यातली काडतुसं तडकली तेच तुम्ही फडक्यानं चोळताय. वर ती जांभळी कडी जाते, मानेवरची झाक जाते, बुडावरची अक्षरं बोथट होतात, आणि संग्राहक नेमकं हेच बघतो. घासलेलं काडतूस त्याच्या दृष्टीनं पुसलेलं पान आहे.

राहिलं "उडवून बघा". आधी दारू मेलेली म्हणायचं आणि मग उडवून बघा म्हणायचं, हे एकाच मेसेजमध्ये कसं बसतं ते मला कळत नाही. परदेशात, जिथं कायद्यानं चालतं, तिथं जुना माल उडवणारे लोक आहेत आणि मी त्यांना वाईट म्हणत नाही, पण ते आधी त्याच लॉटमधली काही उघडून दारू बघतात, वास घेतात, मानेच्या चिरा तपासतात, आणि ज्याचा ठावठिकाणा माहीत नाही ते बाजूला काढतात. तरी हँगफायर होतो, म्हणजे चाप ओढला, टक्‌ झालं, काही नाही, माणूस बोल्ट उघडायला जातो आणि तेवढ्यात गोळी सुटते. म्हणून तिथं नळी समोर धरून निदान अर्धा मिनिट थांबायचा नियम असतो. पाकिस्तानी पीओएफच्या (तिथल्या सरकारी दारूगोळा कारखान्याच्या) पन्नास-साठच्या दशकातल्या थ्री नॉट थ्री या दोषासाठी बदनाम आहेत. दुसरं म्हणजे दम नसलेली दारू गोळी नळीतच अडकवून ठेवते, कळत नाही, आणि पुढची मारली की नळी फुटते. मान चिरलेली असेल तर गरम वायू मागं तोंडावर. आणि 'ओळखीची बंदूक' म्हणजे गावात काय असते, बारा बोअर नाहीतर थ्री वन फाइव्ह. थ्री वन फाइव्हचं काडतूस पूर्ण वेगळं आहे, त्यात थ्री नॉट थ्री कोंबायचा प्रयत्न म्हणजे चेहऱ्याजवळ काय होईल याचा जुगार, आणि शिवाय ज्याची बंदूक आहे त्याचा परवाना पण जाणार.

मग घरात सापडलीच तर? हलवू नका, रिक्षात पिशवीत घालून ठाण्यात नेऊ नका. पोरांना लांब ठेवा, ११२ ला फोन करा, किती आहेत, कुठं आहेत, कशी दिसतात ते सांगा, ते येऊन घेऊन जातात आणि पंचनामा करतात. बूड आपसूक दिसत असेल तर लांबूनच एक फोटो, तुमच्या स्वतःसाठी, ग्रुपसाठी नाही. कारण त्या चार अक्षरांत खरंच काहीतरी असतं, कारखाना, साल, मार्क, आणि तुमचे आजोबा कुठल्या साली कुठं होते त्याच्याशी ते जुळवून बघता येतं.

मामेभावाकडं पाच निघाली, एका क्लिपेत, साताऱ्याकडच्या घरात, पणजोबांच्या ट्रंकेत पागोट्याच्या कापडात गुंडाळलेली. मेसेज वाचून तो पॉलिश आणायला निघाला होता. मी फोनवर अर्धा तास बोललो, रागावलो पण, शेवटी त्यानं ११२ लावला, हवालदार आले, शांतपणे सगळं लिहून घेतलं, चहा घेऊन गेले. पंचनाम्यात लिहिलंय, 'पितळी काडतुसे, नग ५, बुडावर के एफ व ४३'. त्याचा फोटो त्यानं मला पाठवला, आणि वडिलांच्या शिक्क्यांच्या सालवार वहीत १९४३ चं पान इतकी वर्षं रिकामं होतं तिथं तो मी चिकटवला.