लाओसला ‘मिळालेली’ बुलेट ट्रेन

सकाळी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ येऊन पडला. हिरवे डोंगर, चकचकीत गाडी, मागे वीरश्रीचं संगीत आणि खाली मजकूर : ‘चीनने लाओससारख्या भिकारड्या देशाला पाच वर्षांत बुलेट ट्रेन दिली. लोकशाहीवाले बसा बोंबलत.’ त्यावर ढीगभर अंगठे. चहाची चवच गेली माझ्या.

एक तर ती बुलेट ट्रेन नाही. ताशी 160 किलोमीटर धावते. आणि ‘दिली’ म्हणजे काय हो? साखरपुड्यात अंगठी देतात तशी? खर्च जवळजवळ 6 अब्ज डॉलर, त्यातला मोठा हिस्सा चिनी बँकेचं कर्ज, आणि कंपनीत चीनचे 70 टक्के, लाओसचे 30. सगळ्या देशाचं वर्षाचं उत्पन्न 20 अब्जाच्या आतबाहेर!

बसलेय मी त्या गाडीत. 2023 च्या डिसेंबरात नणंदेबरोबर राजधानी व्हिएन्टियानहून लुआंग प्रबांग या गावाला गेले होते. (स्टेशनवर तपासणीत तिचा डिओ काढून घेतला, उतरेपर्यंत बाईसाहेब फुगलेल्या.) गाडी छान आहे. जिथे बसनं आख्खा दिवस जायचा तिथे दोन तासांत पोचलो. मान्य. याहून जास्त कौतुक माझ्याकडून होणार नाही.

कारण मला ती गाडी आठवत नाही, आम्ही जिच्याकडे उतरलो त्या मावशीचं मेन्यूकार्ड आठवतं. प्रत्येक किमतीवर कागदी चिकटपट्टी, त्या पट्टीवर दुसरी, तिच्यावर तिसरी. नूडल सूप 35 हजार किप (किप म्हणजे तिथलं चलन). नणंदेनं नखानं सहज कोपरा उचलला तर खाली 25, त्याच्याखाली 15. मावशी हसली, पण खोलीचं भाडं मात्र थायी बाटमध्येच घेतलं. स्वतःच्या देशाची नोट नको म्हणाली. डॉलरला साडेनऊ हजारांच्या आसपास असलेला किप 2021 नंतर दोन वर्षांत 20 हजारांपार गेला. 2023 च्या सुरुवातीला महागाई 40 टक्क्यांवर होती. परकीय कर्जातलं निम्मं एकट्या चीनचं. बरं, हे सगळं रेल्वेमुळे झालं असंही नाही, कोविड होता, तेल महागलं होतं. पण धरणांचं काय? मेकाँगवर आणि तिच्या उपनद्यांवर धरणांमागून धरणं बांधली, खासगी कंपन्यांची वीज डॉलरमध्ये घ्यायचे करार केले, ती लोकांना विकायची किपमध्ये. सरकारी वीज कंपनी बुडणार नाही तर काय! 2021 मध्ये वीजवाहिन्यांचं जाळं 25 वर्षांसाठी चिनी भागीदाराचा मोठा हिस्सा असलेल्या एका कंपनीकडे गेलं.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे दाभोळला एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वीजप्रकल्प आला होता. ‘अरबी समुद्रात बुडवू’ म्हणणाऱ्यांनीच नंतर पुन्हा करार केला, तेही पाहिलं आपण. पण प्रकल्पाशेजारच्या वेलदूरच्या बायका लाठ्या खाऊन उभ्या राहिल्या, लोक कोर्टात गेले, युनिटचा दर काय हे पेपरात रोज छापून यायचं. लाओसमध्ये 1975 पासून एकच पक्ष. तिथे कराराची प्रत बघायला मागायला कोण जाणार? सोम्बाथ सोम्फोन नावाचा माणूस होता. खेड्यापाड्यांत काम केलेला, 2005 चा मॅगसेसे मिळालेला. 15 डिसेंबर 2012 च्या संध्याकाळी व्हिएन्टियानमध्ये पोलीस चौकीपाशी त्यांची जीप थांबवली, त्यांना दुसऱ्या गाडीत घालून नेलं. सीसीटीव्हीत दिसतंय सगळं. ते आजतागायत सापडले नाहीत. त्यांची बायको अजून विचारतेय. लावा त्याला वीरश्रीचं संगीत!

आता कोणीतरी म्हणेलच, अमेरिकेनं काय दिलं? बाँब दिले. 1964 ते 1973, वीस लाख टनांहून जास्त, आणि न फुटलेले अजून शेतात फुटतायत. म्हणून चीनवर बोलायचं नाही? दोघांनाही धरा की.

जाऊ दे. भांडायला नव्हते बसले. मावशीनं निघताना आम्हाला चिकट भाताची पुरचुंडी बांधून दिली. तिचा मुलगा थायलंडला हॉटेलात राबतो, इथल्या पगारात भागत नाही म्हणून. स्टेशन गावापासून लांब आहे, ती स्वतः त्या गाडीत एकदाही बसलेली नव्हती.

आणि ज्यांना हे सगळं फार दूरचं वाटतंय त्यांच्यासाठी. लाओसच्या बोकिओ प्रांतात गोल्डन ट्रँगल नावाचा पट्टा आहे, कसिनोवाल्या चिनी मालकाला 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेला. तिथे घड्याळं बीजिंगच्या वेळेवर चालतात आणि ऑनलाइन फसवणुकीचे अड्डेही. नोकरीच्या नावाखाली नेलेली भारतातली पोरं आपल्या वकिलातीनं तिथून सोडवून आणलीत. तेव्हा ‘लाओसमध्ये डेटा एन्ट्री, पगार डॉलरमध्ये, व्हिसा आमचा’ असा मेसेज भाच्या-पुतण्यांना आला, तर पासपोर्ट हातात देण्याआधी व्हिएन्टियानच्या वकिलातीला ईमेल करायला सांगा. माझा हा इशारा मात्र खुशाल फॉरवर्ड करा.