रेड हिलच्या टाक्या आणि होनोलुलूचं पाणी

हवाईतल्या ओआहू बेटावर, होनोलुलू शहर ज्या भूजलावर जगतं त्याच्या बरोबर वर, अमेरिकन नौदलाने जवळपास ऐंशी वर्षं इंधन साठवून ठेवलं होतं. रेड हिल नावाच्या डोंगराचं पोट कोरून 1940 ते 1943 या काळात वीस टाक्या बांधल्या गेल्या. एकेक टाकी 250 फूट उंच आणि 100 फूट रुंद, म्हणजे आत वीस मजली इमारत उभी राहील एवढी. सगळ्या भरल्या तर साधारण 95 कोटी लिटर इंधन. आणि टाक्यांच्या तळापासून भूजल किती खाली? फक्त 100 फूट. एवढं वाचून मी थांबले आणि आकडा पुन्हा तपासला. बरोबर होता.

ओआहूचा डोंगर आपल्या सह्याद्रीसारखाच बेसॉल्टचा, पण वयाने कितीतरी लहान आणि म्हणून जास्त सच्छिद्र. कोओलाउ डोंगररांगेवर पडलेला पाऊस त्या खडकातून वर्षानुवर्षं झिरपत खाली उतरतो. बेटाच्या बुडाशी समुद्राचं खारं पाणी असतं. गोडं पाणी वजनाला हलकं, त्यामुळे ते दुधावरच्या सायीसारखं त्या खाऱ्या पाण्यावर धरून राहतं. या साठ्यात घाण गेली तर शेजारच्या जिल्ह्यातून पाइपलाइन आणायची सोय नाही. चारी बाजूंना पॅसिफिक आहे. आपल्याकडे निदान टँकर येतो, उशिरा का होईना. बेटावर टँकर भरायचा कुठून?

हे तिथल्या लोकांनी वेळेवर सांगितलं नाही, असं अजिबात नाही. जानेवारी 2014 मध्ये पाच नंबरच्या टाकीतून 27,000 गॅलन, म्हणजे लाखभर लिटर इंधन गळलं. तेव्हापासून होनोलुलूचं पाणीपुरवठा मंडळ आणि त्याचे मुख्य अभियंता अर्नी लाउ सारखे सांगत होते की टाक्या हलवा. सिएरा क्लब या पर्यावरण संस्थेची हवाईतली शाखा भांडत होती. उत्तर ठरलेलं असायचं: पाणी सुरक्षित आहे, देखरेख चालू आहे, नौदलाचा हा तळ देशाच्या संरक्षणासाठी अत्यावश्यक आहे. या शेवटच्या वाक्यापुढे कुणाचं काही चालत नाही, हीच माझी खरी तक्रार आहे.

मग 2021 उजाडलं. मे महिन्यात बोगद्यातली पाइपलाइन फुटली आणि सुमारे 20,000 गॅलन इंधन बाहेर आलं. त्यातलं बरचसं आग विझवण्याच्या यंत्रणेच्या निचरा-नळीत जाऊन बसलं. प्लास्टिकची नळी, आतल्या इंधनाच्या भाराने खाली झुकलेली. इतकं इंधन कमी भरतंय, ते गेलं कुठे, याचा छडा कुणी लावला नाही. 20 नोव्हेंबरला बोगद्यातल्या छोट्या गाडीचा धक्का त्या नळीला बसला आणि विमानाचं इंधन धो धो वाहू लागलं. ते नौदलाच्या स्वतःच्याच विहिरीपर्यंत पोचलं. नौदलाने पहिल्यांदा सांगितलं ते हेच, की पिण्याच्या पाण्याला धोका नाही.

आठवड्याभरात लष्करी वसाहतींतून फोन सुरू झाले. नळाच्या पाण्याला इंधनाचा वास येतोय, पाण्यावर तेलकट तवंग दिसतोय. मुलांना उलट्या, अंगावर पुरळ, डोकेदुखी. नौदलाच्या त्या पाणीयोजनेवर सुमारे 93,000 माणसं होती. तळाच्या प्रमुखाने रहिवाशांना कळवलं की पाणी असुरक्षित असल्याचं काही दिसत नाही, आम्ही स्वतःही तेच पितोय. हजारो कुटुंबांना हॉटेलांत हलवावं लागलं ते त्यानंतर.

मी साताऱ्याची. माझ्या माहेरी फौजेत जायची रीत आहे, चुलते आणि चुलतभाऊ दोघांनीही वर्दी घातली. त्यामुळे या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लागली ती क्वार्टर्समधल्या त्या आयांची गोष्ट. नवरा ड्यूटीवर, आपण अनोळखी ठिकाणी, आणि ज्या संस्थेच्या भरवशावर घरदार सोडून आलो तिनेच दिलेल्या पाण्याने बाळाला आंघोळ घातली. लष्कराला प्रश्न विचारणं म्हणजे जवानांचा अपमान, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने या बायकांचं म्हणणं वाचावं. प्रश्न आधी विचारले गेले असते तर पहिला फायदा जवानांच्या घरांना झाला असता.

पाणीपुरवठा मंडळाने डिसेंबरच्या सुरुवातीला हालावाची मोठी विहीर बंद केली, कारण ती आणि नौदलाची विहीर एकाच भूजलातून उपसा करतात. होनोलुलूच्या शहरी भागाचं जवळपास पाचवा हिस्सा पाणी तिथून येत होतं. मार्च 2022 मध्ये ओआहूच्या नागरिकांना दहा टक्के पाणी वाचवायची विनंती झाली. इंधन सांडलं एकाने, बादली मोजून वापरायची वेळ आली भलत्यांवर.

टाक्या बंद झाल्या त्या लोकांनी रेटा सोडला नाही म्हणून. मूळ हवाईयन कार्यकर्त्यांनी नौदलाच्या पॅसिफिक ताफ्याच्या मुख्यालयाबाहेर दगड रचून कोआ, म्हणजे पूजास्थान उभारलं. ओआहू वॉटर प्रोटेक्टर्सचे तरुण रस्त्यावर होते. लष्करी कुटुंबं साक्षी देत होती. एरवी एकमेकांकडे संशयाने बघणारी ही माणसं एका बाजूला आली. राज्याच्या आरोग्य खात्याने टाक्या रिकाम्या करण्याचा आदेश काढला, नौदल आधी त्याविरुद्ध लढलं, आणि 7 मार्च 2022 रोजी संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी रेड हिल कायमचं बंद करायची घोषणा केली. इंधन काढायला 2023 चा ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात, नोव्हेंबर 2022 मध्ये, त्याच ठिकाणी आग विझवायच्या फेसाचं 1,300 गॅलन द्रावण सांडलं. त्यात पीफास असतात, निसर्गात सहजी न विघटणारी रसायनं.

हीच रसायनं जपानच्या ओकिनावा बेटावर कादेना या अमेरिकन हवाई तळाच्या आसपासच्या पाण्यात सापडली, हे 2016 मध्ये जाहीर झालं. तिथल्या चातान जलशुद्धीकरण केंद्राचं पाणी साडेचार लाख लोक पितात. ओकिनावा प्रशासनाने तळात जाऊन तपासणी करू द्या म्हणून मागणी केली, ती मान्य झाली नाही. पाणी कुंपणाखालून ये-जा करणार, पण ते तपासणाऱ्याने कुंपणाबाहेर उभं राहायचं! हे कुठल्या सुरक्षेत बसतं?

क्षेपणास्त्रं कुठे आहेत ते गुप्त ठेवा, माझी हरकत नाही. विहिरीच्या नमुन्यात काय निघालं हे गुप्त ठेवायचा अधिकार मात्र कुठल्याच सैन्याला नसावा. नमुना स्थानिक पाणीखात्याने घ्यावा, अहवाल त्याच दिवशी गावाला कळावा, आणि धोका नाही हे सिद्ध करायचं ओझं इंधन साठवणाऱ्यावर असावं. रेड हिलला सात वर्षं ते ओझं अर्नी लाउंसारख्या माणसांच्या खांद्यावर होतं.

आता हवाईत पुढचा वाद चालू आहे. 1964 मध्ये राज्याने हजारो एकर जमीन लष्कराला सरावासाठी 65 वर्षांच्या भाड्याने दिली, प्रत्येक करार एका डॉलरला. ते करार 2029 मध्ये संपतात. लष्कराला जमिनी हातात ठेवायच्या आहेत आणि सुनावण्यांना लोक गर्दी करतायत. ज्यांनी नळाला इंधनाचा वास येताना अनुभवलाय, त्यांना तिथे बोलायला तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळावा, एवढी माझी इच्छा आहे.